खोकला थांबल्यावर

आप्पा, मी नेमकं काय काम करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही गेलात तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि पोरगी पुढे काय करणार असं चाळीत कुणी विचारलं की माझ्याआधी तुम्हीच उत्तर द्यायचात, ‘कंपनीत लॅबला लागणार, पांढरा कोट घालून.’ कंपनीत मी लागले नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत पाऊल ठेवायचं नाही एवढं एकच मी त्या वर्षी पक्कं ठरवलं होतं, बाकी सगळं आपोआप होत गेलं. आता ठाण्यात वर्तकनगरला राहते, आईला घेऊन. कॉलेजात शिकवते, आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरसमोर बसून पृथ्वीच्या दोन्ही टोकांना, जमिनीपासून शंभर किलोमीटर उंच, एक वायू किती तयार झाला आणि तो खाली कसा उतरला याची गणितं करते. ऐकून तुम्ही हसला असतात. ‘घरातली मोरी तुंबलीय आणि ही आभाळ झाडतेय,’ असं काहीतरी म्हणाला असतात. पण तो वायू कुठला ते कळल्यावर हसला नसतात.

तो तुमच्याच प्लांटमधला आहे. तुम्ही त्याला तांबडा धूर म्हणायचात, ऑफिसातले साहेब नॉक्स म्हणायचे. खाली तो नायट्रिक ॲसिडचं भांडं जास्त तापलं की निघतो. वर तो निघायला कुणाची चूक लागत नाही. सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्याने पृथ्वीच्या चुंबकाची ओढाताण होते आणि ध्रुवांजवळ इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचे अगदी बारीक कण, वेगाने खाली कोसळतात. ते हवेवर आदळले की हवा उजळते, हिरवी, लाल, कधी जांभळट. हाच तो ध्रुवीय प्रकाश, ज्याचे फोटो लोक कॅलेंडरवर छापतात. फोटोत जे दिसत नाही ते माझं काम. हवेतला नायट्रोजन एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की त्यांना कुणी हलवू शकत नाही. या माऱ्याने ती जोडी फुटते, सुटा झालेला अणू ऑक्सिजनला जाऊन भिडतो आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो. उन्हात तो फार टिकत नाही, पण ध्रुवावर हिवाळ्यात कितीतरी आठवडे सूर्यच उगवत नाही, मग त्याला मोडणारं कुणी नसतं. तो तसाच राहतो आणि थंड हवेबरोबर हळूहळू खाली यायला लागतो. वरचा उजेड केव्हाच विझलेला असतो, बघणारे घरी गेलेले असतात. हा मात्र उतरत उतरत ओझोनच्या थरापर्यंत पोचतो, ओझोनमधला एक ऑक्सिजन काढून घेतो आणि तांबडा होतो. सूर्य परत आला की तो ऑक्सिजन दुसऱ्याच्या गळ्यात घालून पुन्हा पहिल्यासारखा होतो आणि पुढच्या ओझोनला धरतो. स्वतः संपत नाही. ओझोनला पडलेलं ते मोठं भोक याने पाडलेलं नाही, त्याचे गुन्हेगार वेगळे आहेत. हा आपला थोडं थोडं कुरतडत राहतो. आमच्यात याला अप्रत्यक्ष परिणाम म्हणतात. मी वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिते तेव्हा पोरांकडे पाठ असते हे एक बरं आहे.

या कामासाठी मी तीन वर्षं उत्तरेकडच्या एका थंड देशात होते. तिथे पहिल्यांदा आकाश पेटलेलं पाहिलं. संध्याकाळचे सहाच वाजले होते, पण तिकडे हिवाळ्यात सहाला मिट्ट काळोख असतो. सगळे जण माना वर करून उभे, एक बाई तर रडत होती इतकं ते सुंदर होतं. मला तिथून पळायचं होतं. कुणाला काय सांगणार? ‘माझ्या वडिलांनी सांगितलंय, असलं काही दिसलं की बघत उभं राहायचं नाही’?

ते तुम्ही ज्या दिवशी सांगितलंत तो दिवस मला स्वच्छ आठवतो. कॉलेजात तांब्याच्या तुकड्यांवर नायट्रिक ॲसिड ओतायचं प्रॅक्टिकल होतं. धूर ओढून घेणारा पंखा बंद पडलेला, आमच्या कॉलेजात तो चालू असल्याचं मी कधी पाहिलंच नाही. चंचुपात्रातून तांबूस तपकिरी धूर वर आला आणि काठावरून ओघळून खाली सांडायला लागला. मी वाकून बघत राहिले. घरी येऊन कौतुकाने सांगितलं. तुम्ही जेवत होतात. हातातला घास तुम्ही परत ताटात ठेवलात. ‘बघत उभी राहिलीस?’ तुम्ही ओरडलात. तुम्ही माझ्यावर आवाज चढवल्याची ही एकच आठवण आहे. ‘अगं, धूर दिसला की पळायचं! बघायचं काय त्यात? पिक्चर आहे?’ मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शिफ्टवरून येताना तुम्ही कंपनीतला डोळ्यांवर लावायचा चष्मा आणलात. जुना होता, त्याचं इलॅस्टिक सैल पडलं होतं. आईने स्वतःच्या परकराची नाडी काढून त्याला शिवली. तो घालून मी प्रॅक्टिकलला गेले की मुली फिदीफिदी हसायच्या, आणि मी मुद्दाम उशिरापर्यंत काढायचे नाही.

आता त्या दिवसाकडे यायला हवं. मी त्याला वळसा घालून घालून लिहितेय हे तुम्हाला कळलंच असेल.

तुमची तिसरी शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी. सकाळी आठला तुम्ही आलात ते शिफ्टमधल्या जोडीदाराच्या खांद्यावर हात टाकून. ते आपल्यापासून तीन खोल्या सोडून राहायचे. त्यांनीच आईला सांगितलं: थंड पाण्याचा पंप बंद पडला, भांडं तापलं, धूर सुटला, सगळे पळाले. तुम्हीही पळालात, आणि मग थंड पाण्याचा दुसरा व्हॉल्व्ह उघडायला परत आत गेलात. ‘दोन मिनिटं, वहिनी. दोन मिनिटांच्या वर नाय लागली त्याला.’ मला पळायला सांगणारा माणूस स्वतः परत आत गेला होता. तुम्ही इतके खोकत होतात की तुमचं कपाळ गुडघ्यांना लागत होतं. कंपनीने नेहमीसारखा कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा दिला होता आणि घरी जाऊन झोपायला सांगितलं होतं. नायट्रेशनवाल्यांचा, म्हणजे त्या ॲसिडच्या भांड्यांवर काम करणाऱ्यांचा, तो शिरस्ताच होता. धूर लागला की गूळ खायचा, दूध प्यायचं, आंबटाला हात लावायचा नाही, कारण आंबटाने दूध फाटतं तसं छातीतलं फाटतं. आणि खोकला थांबला की धूर उतरला. तुम्ही सगळे जण या एका नियमावर कामाला जात होतात. धूर थोडा असायचा तेव्हा तो नियम खराही ठरायचा.

दहाच्या सुमाराला खोकला कमी झाला, अकराला थांबला. तुम्ही भिंतीला टेकून बसलात आणि म्हणालात, ‘उतरला.’ आईला काही ते पटेना. ‘आपण ठाण्याला जाऊया, नौपाड्यात,’ ती म्हणाली. ‘ते छातीचे डॉक्टर आहेत ना, माझ्या भावाला त्यांनीच बरं केलं. आत्ता निघालो तर दुपारची वेळ सापडेल.’ तुम्ही म्हणालात, ‘बरा आहे मी.’ ती म्हणाली, ‘तुमचे ओठ बघा आरशात.’ असं दोन-चार वेळा झालं. मग तुम्ही हसून माझ्याकडे हात केलात. ‘हिला विचार. ही शिकतेय ना त्यातलं. काय गं, काय लिहिलंय तुझ्या पुस्तकात?’

दुसऱ्या दिवशी माझी प्रॅक्टिकलची परीक्षा होती आणि माझं जर्नल अपुरं होतं. हेही लिहून ठेवते, कारण तेही खरं आहे. तुम्ही ठाण्याला गेला असतात तर मला बरोबर यावं लागलं असतं आणि दिवस गेला असता. मी पुस्तक उघडलं. त्यात त्या वायूविषयी दीड ओळ होती: तांबूस तपकिरी, झोंबऱ्या वासाचा, विषारी. पुढे काही नव्हतं. पुढचं मी माझ्या मनाने रचलं. ‘खोकला म्हणजे शरीर धूर बाहेर टाकतंय,’ मी म्हणाले. ‘थांबला म्हणजे टाकून झालं. आता उगाच नौपाड्यापर्यंत धक्के खात कशाला जायचं? आराम करा.’ आईने माझ्याकडे पाहिलं. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, आणि तुमच्या तोंडावर जो आनंद होता तो मला आजही नको वाटतो. ‘ऐकलंस? सायन्स काय म्हणतंय बघ,’ तुम्ही म्हणालात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल तर तुम्ही होतात, आप्पा.

तुम्ही वरण-भात खाल्लात. दोनदा दूध घेतलंत, झोपलात. चारला उठून बसलात आणि मला म्हणालात, ‘उद्या तो चष्मा घालून जा, बाईंना घाबरव.’ पाचला नळाला पाणी आलं. मी दिवसभराची भांडी घेऊन चाळीच्या नळावर गेले, घासली, विसळली. परत आले तर तुम्ही खाटेच्या काठाला धरून पुढे वाकला होतात आणि तुमच्या छातीतून पाणी उकळायला लागताना पातेल्याच्या तळाशी येतो तसा आवाज येत होता. जोडीदारांनी रिक्षा आणली. मानपाडा रोडला ती अडकली. तुमच्या तोंडातून गुलाबी फेस यायला लागला, आई पदराने पुसत होती, पुसला की पुन्हा येत होता. तुम्ही माझा हात धरला होता आणि माझ्याकडे बघत होतात, म्हणजे अजूनही मलाच विचारत होतात. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत तुम्ही गेला होतात.

तिसऱ्या दिवशी आपल्या खोलीत माणसं दाटीवाटीने बसली होती. थोरले काका कल्याणहून आले होते. तुमचे सख्खे भाऊ, त्यांचा राग साहजिक होता. ‘सकाळी आठपासून घरात होता ना तो?’ त्यांनी विचारलं. ‘चालत होता, बोलत होता. मग डॉक्टरकडे का नाही नेलं? कोण म्हणालं नको?’ मी भिंतीशी बसले होते. काकांनी दुसऱ्यांदा विचारलं, ‘नको म्हणालं कोण?’ तेवढ्यात तुमचे जोडीदार खाली बघून हळूच म्हणाले, ‘वहिनी, आंबट-बिंबट काय दिलं नाय ना तुम्ही?’ आई उंबऱ्याकडे बघत होती. ‘ताक दिलं,’ ती म्हणाली. ‘दुपारी. मागितलं त्यांनी.’

कुणीतरी कपाळावर हात मारून घेतला. शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘अगं बाई, एवढं कसं कळलं नाही तुला? इतकी वर्षं नांदलीस ना?’ डॉक्टरचा विषय तिथेच संपला, कुणी परत काढला नाही. थोरल्या काकांनी त्या दिवसापासून स्वतःच्या मरणापर्यंत आईच्या हातचं पाणी घेतलं नाही. कल्याणला लग्नाकार्याला आम्ही गेलो की ती बायकांत एका कडेला बसायची आणि पंगतीत मठ्ठा आला की ग्लासावर हात ठेवायची. कुणी आग्रह केलाच तर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची, ‘मी नाही घेत. माझ्या हातून एकदा चूक झालीय.’ मी शेजारी बसून जेवत असायचे.

अठ्ठावीस वर्षं आमच्या घरात दही लागलं नाही. मी त्या थंड देशात असताना एका दुपारी वाचनालयात कारखान्यांतल्या विषांवरचा जाडजूड ग्रंथ काढला. दुसरंच काही शोधत होते, निदान मी स्वतःला तसं सांगितलं. तिथे सगळं लिहिलं होतं. आधी खोकला येतो, मग तो थांबतो, माणूस कित्येक तास ठणठणीत वाटतो, आणि मग फुफ्फुसात पाणी भरतं. खोकला थांबल्यावर माणसाला घरी सोडायचं नाही, दवाखान्यात नजरेखाली ठेवायचं. नौपाड्याच्या डॉक्टरांनी तुम्हाला वाचवलंच असतं असं मी म्हणत नाही. पण तुम्ही तेव्हा त्यांच्यासमोर असतात. आंबटाविषयी त्या ग्रंथात एक अक्षर नव्हतं. मी बाहेर येऊन आईला फोन लावला. ‘जेवलीस का?’ तिने विचारलं. ‘जेवले,’ मी म्हणाले, थंडीविषयी दोन वाक्यं बोलले आणि ठेवला. ताकाने कुणी मरत नाही एवढं सांगितलं असतं की पुढचा प्रश्न आला असता, मग कशाने गेले, आणि मग त्या अकरा वाजण्यापर्यंत जावं लागलं असतं. आईला मोकळं करायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांवर पेपर लिहिले आणि ते एक वाक्य बोलले नाही.

मध्यंतरी आपल्याकडे लडाखमध्ये आकाश लाल झालं. सगळ्यांच्या मोबाईलवर ते फोटो फिरले, आईच्याही. रविवारची दुपार होती, आम्ही दोघी स्वयंपाकघरात मेथी निवडत होतो. तिने मोबाईल डोळ्यांजवळ धरला. ‘हेच का गं तुझं?’

‘हेच.’

‘लाल कशाने?’

‘ऑक्सिजनने. फार उंचावरच्या.’

‘आणि मग धूर होतो म्हणालेलीस ना तू?’

मी तिला सगळं सांगितलं, वर्गात सांगते तसं. तिने मधे मधे मान हलवली. मग म्हणाली, ‘म्हणजे उजेड पडतो तेव्हा काय होत नाही. मागनं होतं.’

‘हो.’

‘तुझ्या आप्पांसारखं.’

इतकी वर्षं जे मी मनातसुद्धा सरळ म्हटलं नव्हतं ते तिने मेथीच्या काड्या मोडता मोडता म्हटलं. मग मी बोलले. ‘आई, तसंच असतं ते. खोकला थांबतो, माणूस बरा वाटतो, आणि तासांनी पाणी भरतं. ताकाचा त्यात काही संबंध नाही. ताकाने काही होत नसतं.’

तिने दुसरी जुडी सोडली. ‘ताक कुठलं?’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी घरात ताक होतं कुठे? होतं नव्हतं ते सगळं दूध त्यांनाच दिलं, विरजायला उरलेलं का?’

मी म्हटलं, ‘मग तू का...’

‘भाऊजी विचारत होते ना, कोण म्हणालं नको. तुझं नाव आलं असतं तर कॉलेज त्याच दिवशी बंद. आणि तू काय जगली असतीस गं? काहीतरी पटकन बोलायला हवं होतं. तेवढ्यात ह्यांच्या जोडीदारांनीच आंबटाचं काढलं, म्हटलं, हेच बरं.’

‘आणि इतकी वर्षं दही नाही, मठ्ठा नाही...’

‘बोलले ना एकदा चारचौघांत. मग निभवायला नको?’ असं म्हणून तिने माझ्या पुढ्यातली मेथी स्वतःकडे ओढली. ‘काड्या मिसळतेयस तू. सरक.’

मी चकित झाल्याचा चेहरा केला. डोळे मोठे केले, हात तोंडावर नेला. चांगला जमला असावा, कारण आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि ‘जाऊ दे आता’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी अर्धा लिटर दूध विरजलं. ती पहिल्यांदा ताक प्यायली तेव्हा तिला ठसका लागला आणि आम्ही दोघी घाबरून एकमेकींकडे बघत राहिलो.

हे पत्र तिला वाचून दाखवायचं असं मी ठरवलं होतं. तुम्हाला ते पोचणार नाही, निदान तिला ऐकू जाईल. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे मी कुठे थांबले ते तिला कळायचं नाही. मी वरच्या ठसक्यापाशी थांबेन.

कारण त्या दिवशी पाचला नळावर नेलेली भांडी मला अजून तोंडपाठ आहेत. तीन ताटं, भाताचं पातेलं, वरणाचं, दुधाचं, आणि तुमचा पेला, तळाशी साय चिकटलेला. विरजणाचं भांडं फळीवर कोरडं, पालथं घातलेलं होतं. आई ‘ताक दिलं’ म्हणाली तेव्हा मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते, आप्पा, आणि मला माहीत होतं.